स्क्रूंचा हिशेब

मराठी लिहिणारास अनुस्वाराचें महत्त्व निराळें सांगावयास नको. ‘त्याचें घर’ आणि ‘त्यांचें घर’ यांत फरक एका टिंबाचा. पण तेवढ्या टिंबानें घराचा धनी बदलतो. घरोघरीं वापरांत असलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत लहान स्क्रू आणि त्याच्या डोक्याखालची चकती, म्हणजे वॉशर, यांचें स्थान असेंच आहे. यंत्र विकत घेणारा पडद्याचा आकार विचारतो, बॅटरी किती तास चालेल तें विचारतो, किंमतीची घासाघीस करतो. पण हें सर्व ज्याच्या बळावर एकत्र राहिलेलें असतें, त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्याची चौकशी कोणी करीत नाहीं. त्याची आठवण होते ती यंत्र उघडून पुन्हां मिटल्यावर, ताटलींत एक स्क्रू उरला म्हणजे.

अशा उरलेल्या स्क्रूकडे पाहून हंसण्याचा प्रघात आहे. कारखान्यानें एक अधिक घातला असेल, असें म्हणून तो खिडकींत ठेवला जातो. परंतु ही थट्टा महाग पडूं शकते. फेब्रुवारी २०१८ मध्यें लेनोव्हो या कंपनीनें आपल्या ‘थिंकपॅड एक्स-वन कार्बन’ जातीचे पांचव्या पिढीचे संगणक तपासणीसाठीं परत मागविले. त्यांची संख्या अमेरिकेंत सुमारें ७८,००० आणि कॅनडांत सुमारें ५,५०० होती. कारण एवढेंच कीं, त्यांपैकीं कांहींच्या पोटांत न आवळलेला एखादा स्क्रू राहून गेला असण्याचा संभव होता, आणि तो बॅटरीला इजा करून ती तापवील व आग लागेल अशी भीति होती. जेथें प्रत्येक कृतीला ठराविक माणूस आणि ठराविक हत्यार नेमलेलें असतें, तेथें जर ही चूक होऊं शकते, तर जेवणाच्या टेबलावर, घाईनें आणि अपुऱ्या उजेडांत केलेल्या कामाविषयीं काय सांगावें? स्क्रू हरवला तर यंत्र खिळखिळें होतें. पण यंत्राच्या आंतच हरवला तर तें घातक होतें. हा भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे.

आतां स्क्रू नेमकें काय करतो तें पाहूं. स्क्रू म्हणजे खिळा नव्हे. खिळ्याला लांकडाच्या पकडीवर विसंबावें लागतें. स्क्रू स्वतः ताणला जाऊन दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. पोलादी स्क्रू आवळतांना तो डोळ्यांस दिसणार नाहीं इतका लांबतो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणें पूर्वस्थितीस येण्याची धडपड करतो. या ताणामुळें डोक्याखालीं व आट्यांमध्यें घर्षण उत्पन्न होतें, आणि तें घर्षणच त्याला उलट फिरूं देत नाहीं. कमी आवळला तर ताण नाहीं, म्हणून घर्षणहि नाहीं. पंख्याची किंवा ध्वनिवर्धकाची थरथर त्याला हळूहळू मोकळा करते. फाजील आवळला तर आटे जातात, किंवा स्क्रूचें डोकेंच तुटून हातांत येतें. १९६९ सालीं गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरानें असें दाखवून दिलें कीं, स्क्रू ढिला होण्यास उभ्या धक्क्यांपेक्षां आडवी सरक अधिक कारण होते. जोडलेले भाग बाजूनें एकमेकांवर घसरूं लागले कीं घर्षणाची पकड सुटते आणि स्क्रू आपण होऊन उलटा फिरूं लागतो. म्हणजे बेतानें, पण पुरेसें आवळणें हेंच स्क्रूचें खरें कुलूप होय.

पण स्क्रू योग्य भोंकांत गेला असेल तरच हें कुलूप लागतें. आणि तेथें आट्यांच्या मापाचा प्रश्न येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका ठिकाणचा बोल्ट दुसऱ्या ठिकाणच्या नटांत बसत नसे. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ यांनीं सर्वांसाठीं एकच पद्धत सुचविली, आणि पुढें ती ब्रिटनमध्यें रूढ झाली. नाजूक उपकरणांसाठीं तिकडे ब्रिटिश असोसिएशनची निराळी माला निघाली. तिला ‘बी. ए.’ आटे म्हणतात. ब्रिटनहून आलेल्या जुन्या रेडिओंत हेच स्क्रू सांपडतात. त्यांतील सहा नंबरचा स्क्रू २·८ मिलिमीटर जाड असून त्याच्या दोन आट्यांमधील अंतर ०·५३ मिलिमीटर असतें. आज सर्वत्र मिळणारा मेट्रिक ‘एम-तीन’ स्क्रू ३ मिलिमीटर जाड, आणि त्याच्या आट्यांतील अंतर अर्धा मिलिमीटर. हे दोघे दिसावयास भाऊ, पण एकमेकांच्या घरांत नांदणारे नव्हेत. आजोबांच्या वेळचा रेडिओ पुन्हां बोलका करूं पाहणाऱ्यानें जुने स्क्रू जिवापाड जपावे. त्यांच्या जागीं ‘एम-तीन’ जबरीनें पिळणें म्हणजे ते आटे कायमचे घालविणें होय.

जुन्या रेडिओचीच गोष्ट कशाला? घरांतील संगणकाच्या पेटींतहि अशा दोन जाती शेजारीं शेजारीं राहतात. एक आतां सांगितलेली ‘एम-तीन’. दुसरी अमेरिकन ‘सहा-बत्तीस’, म्हणजे सुमारें ३·५ मिलिमीटर जाड आणि एका इंचांत बत्तीस आटे असलेली. साडेतीन इंची हार्ड डिस्कला ‘सहा-बत्तीस’ लागतो, अडीच इंचीला ‘एम-तीन’. जाड स्क्रू बारीक भोंकांत घातला तर एक-दोन फेरे चावून अडतो आणि आटे खातो. बारीक स्क्रू जाड भोंकांत घातला तर बसल्यासारखा वाटतो, पण धरीत कांहींच नाहीं. ओळखण्याची रीत सोपी आहे. दोन स्क्रू उजेडाकडे धरून त्यांचे आटे एकमेकांत गुंतवावे. जात एक असेल तर ते दोन फण्यांसारखे तंतोतंत बसतात. जात निराळी असेल तर मधून उजेड दिसतो. आणि सर्वांत विश्वासू परीक्षक म्हणजे आपलीं बोटें. धातूच्या तयार आट्यांत योग्य स्क्रू पहिले दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनीं जातो. तेथेंच जोर लागला तर थांबावें. हत्यार उचलूं नये.

हत्याराचीहि निवड आहे. फुलीच्या खांचेच्या स्क्रूसाठीं हेन्री फिलिप्स या अमेरिकन गृहस्थास १९३६ सालीं पेटंटें मिळालीं, आणि आज ती खांच जगभर पसरली आहे. परंतु फुली दिसली म्हणून कोणताहि पेचकस चालत नाहीं. संगणकाच्या पेटीच्या जाड स्क्रूला दोन नंबरचा, ‘एम-तीन’ला बहुधा एक नंबरचा, आणि मोबाईलसारख्या नाजूक वस्तूंना शून्य किंवा दोन शून्यांचा लागतो. जपानी यंत्रांतील फुली थोडी निराळी असते. तींत फिलिप्सचें टोंक तळापर्यंत पोंचत नाहीं आणि घसरतें. घसरलेला पेचकस खांचेच्या कडा गोल करतो, आणि मग साधा स्क्रू काढणें ही शस्त्रक्रिया होऊन बसते. म्हणून टोंक खांचेंत गच्च बसतें कीं नाहीं तें पाहावें, पेचकस अगदीं उभा धरावा, आणि फिरविण्यापेक्षां दाबण्याकडे अधिक लक्ष द्यावें.

आतां वॉशर. स्क्रूपेक्षांहि याची उपेक्षा अधिक होते; कारण तो गळला तरी यंत्र मिटतें आणि वरून कांहींच दिसत नाहीं. पण प्रत्येक वॉशरला नेमून दिलेलें काम असतें. साधी सपाट चकती स्क्रूच्या डोक्याचा दाब पसरते, म्हणून प्लॅस्टिक चिरत नाहीं. नायलॉनची किंवा फायबरची चकती विजेला अडविते. सर्किटच्या पाटीवरील तांब्याच्या बारीक वाटांवर स्क्रूचें डोकें टेकूं नये म्हणून ती घातलेली असते. विद्युत्‌पुरवठ्याच्या भागांत मोठे ट्रान्झिस्टर उष्णता घालविण्यासाठीं ॲल्युमिनियमच्या पंख्यांवर आवळलेले असतात. त्यांतील पुष्कळांची धातूची पाठ आंतून विजेशीं जोडलेली असते. म्हणून पाठीखालीं अभ्रकाचा पातळ पापुद्रा आणि स्क्रूभोंवतीं बुटक्या नळीसारखी नायलॉनची चकती असते. ही चकती विसरली तर यंत्र पुन्हां सुरू करतांच जळण्याचा संभव असतो.

स्टार वॉशर, म्हणजे कडेला दांत असलेली चकती, हिचें काम याच्या अगदीं उलट. ती वीज अडवीत नाहीं, तर तिला वाट करून देते. धातूच्या पेटीला अर्थिंगची तार जोडतात तेथें हे दांत रंगाचा आणि गंजाचा थर फोडून खालच्या धातूला भिडतात. हा वॉशर हरवला आणि तार रंगावरच आवळली गेली, तर यंत्र पूर्वीप्रमाणेंच चालतें. पण उद्यां आंतील तार सुटून पेटीला लागली तर अर्थिंग कामास येत नाहीं, आणि पेटीला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततें. चार आण्यांची वस्तु आणि घरांतील माणसाचा जीव यांच्यामध्यें दुसरें कांहीं उरत नाहीं. चिरलेल्या स्प्रिंग वॉशरविषयीं मात्र एक जुना समज सोडावयास हवा. तो घातला कीं स्क्रू ढिला होत नाहीं, असें पुष्कळ कारागीर मानतात. अमेरिकेच्या नासा संस्थेनें १९९० सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेंत स्पष्ट म्हटलें आहे कीं, बोल्ट पुरता आवळला म्हणजे हा वॉशर दबून सपाट होतो आणि कुलूप या नात्यानें निरुपयोगी ठरतो. तरीहि जेथें तो होता तेथें परत घालावा, कारण त्याच्या जाडीनें स्क्रू किती खोल जाईल तें ठरलेलें असतें.

एवढें समजल्यावर कामाची पद्धत आपोआप सुचते. तांदूळ निवडावयाचे तर गृहिणी ताट घेऊन उजेडांत बसते. तीच रीत येथें लागू आहे. टेबलावर पांढरें, जाडसर कापड अंथरावें. त्यावर पडलेला स्क्रू उड्या मारीत नाहीं आणि चटकन दिसतो. यंत्राचा विजेशीं संबंध तोडावा, आणि उघडल्यावर पहिलें काम म्हणून बॅटरीची जोडणी सोडवावी. मायक्रोवेव्ह भट्टी मात्र घरीं उघडूंच नये. तिच्यांतील कपॅसिटर वायर काढल्यावरहि मारक वीज धरून ठेवूं शकतो. मग उघडण्यापूर्वीं एक छायाचित्र घ्यावें, आणि पुठ्ठ्यावर यंत्राचा ढोबळ आराखडा काढून, जो स्क्रू जेथून निघेल तो आराखड्याच्या त्याच ठिकाणीं टोंचून ठेवावा. याला कारण आहे. एकाच यंत्रांतील स्क्रू जाडीनें सारखे असले तरी लांबीनें निराळे असतात. मोबाईलमध्यें एक मिलिमीटरनें लांब असलेला स्क्रू चुकीच्या भोंकांत गेला तर तो खालच्या पाटींत घुसून तिच्या आंतील वाटा तोडतो, आणि मग ती पाटी कोणाच्यानें सुधारत नाहीं. त्याहून चांगली युक्ति अशी कीं, भाग बाहेर काढल्यावर शक्य तेथें स्क्रू आपल्याच भोंकांत दोन फेरे देऊन ठेवावा. स्वतःच्या घरांत असलेली वस्तु हरवत नाहीं.

चुंबक असलेली वाटी सोयीची, पण तिच्यावर सर्व भार टाकूं नये. पोलाद तिला चिकटतें. पितळ, नायलॉन आणि पुष्कळसें स्टेनलेस पोलाद चिकटत नाहीं. अशांसाठीं पेचकसाच्या टोंकाला मेणाचा कण लावावा, म्हणजे स्क्रू खोल जागींहि लोंबत जातो. वॉशर उलट्या बाजूला धरावयाचा असेल तर ग्रीजचा पुसट थेंब पुरतो; मात्र विजेची वाट करून देणाऱ्या स्टार वॉशरला ग्रीज लावूं नये.

इतकें करूनहि स्क्रू पडतोच. पडला कीं माणूस दचकून उठतो, खुर्ची सरकवितो, यंत्र हलवितो. आणि या तीन गोष्टींनींच तो खरा हरवतो. पडल्याबरोबर हात जागच्या जागीं थांबवावे आणि कान द्यावा. फरशीवर पडल्याचा आवाज आला तर दिवा मालवून विजेरी जमिनीला टेकवून आडवी धरावी. बारीकशा स्क्रूचीहि लांब सावली पडते आणि तो सांपडतो. आवाज आला नाहीं तर तो यंत्रांतच आहे असें समजावें. ध्वनिवर्धक असेल तर प्रथम त्याच्या चुंबकापाशीं पाहावें. लोखंडी स्क्रू तेथें ओढला जाण्याचा संभव अधिक. मग यंत्र पांढऱ्या कापडावर हळूच पालथें करावें. पण सांपडेपर्यंत वीज जोडूं नये, हा नियम कोणत्याहि घाईसाठीं मोडूं नये.

मिटतांना चार गोष्टी पुरेत. स्क्रू भोंकावर ठेवून प्रथम उलटा फिरवावा. आट्याचें तोंड आट्याला मिळालें कीं बोटांना हलकासा ‘टक्‌’ जाणवतो, आणि मग सुलटा फिरवावा. प्लॅस्टिकमध्यें तर ही काळजी विशेष, नाहींतर जुन्या खांचेवर दुसरी खांच पडते आणि दोन्ही निकामी होतात. सर्व स्क्रू आधीं ढिले बसवावे, मग समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे. शेवटचा पीळ मुठीनें नव्हे, तर बोटांच्या टोंकांनीं द्यावा. आणि अखेर मोजावें: निघाले किती, गेले किती.

ही मोजणी क्षुल्लक वाटते त्यांनीं हबल दुर्बिणीची हकीकत आठवावी. अंतराळांतील त्या दुर्बिणीचें प्रकाशाचें पृथक्करण करणारें एक उपकरण २००४ सालीं विद्युत्‌पुरवठा बिघडून बंद पडलें. अंतराळांत तें कोणी उघडील अशी कल्पना तें बांधतांना नव्हती. त्याच्या झांकणाला १११ लहान स्क्रू होते, आणि खालीं वॉशर. जाड हातमोजे घातलेल्या माणसाच्या हातून एखादा सुटता तर तो तरंगत जाऊन दुर्बिणीच्या पोटांतच शिरण्याची भीति होती. म्हणून झांकणावर बसविण्यासाठीं एक पारदर्शक पाटी तयार करण्यांत आली. तिला प्रत्येक स्क्रूवर एक लहान भोंक होतें. त्यांतून पेचकसाचें टोंक आंत जाई, पण सुटलेला स्क्रू आणि वॉशर बाहेर येत नसे. १७ मे २००९ रोजीं मायकेल मासिमिनो व मायकेल गुड या अंतराळवीरांनीं हें काम आठ तासांहून अधिक वेळ बाहेर राहून तडीस नेलें. मौज अशी कीं, त्या दिवशीं नडला तो १११ पैकीं कोणी नव्हे, तर एका मुठीचा मोठा बोल्ट. त्याचें डोकें झिजलें, आणि भूमीवरील इंजिनिअरांच्या सल्ल्यानें मासिमिनो यांना ती मूठ हातांनीं ओढून तोडावी लागली. ज्यांचा हिशेब आधीं केला होता, ते १११ स्क्रू मुकाट्यानें निघाले. उपकरण पुन्हां चालूं लागलें.

आतां कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप सामान्य घरानें कशाला करावा? बिघडलें तर नवें आणावें. परंतु खरा प्रश्न येथेंच आहे. गोंदानें चिकटविलेली वस्तु एकदां बंद झाली कीं बहुधा कायमची बंद होते. स्क्रूनें जोडलेली वस्तु पुन्हां उघडतां येते. स्क्रू हें निर्मात्यानें वापरणाऱ्यास दिलेलें वचन आहे. अलीकडे हें वचन विरळ होऊं लागल्यामुळें सरकारांनाहि त्यांत लक्ष घालावें लागलें. भारत सरकारनें २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्काविषयींची माहिती एकत्र देणारी व्यवस्था सुरू केली. युरोपीय संघानें २०२३ च्या कायद्यानें, हातांतील उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्यास स्वतः काढतां आली पाहिजे, असें ठरवून त्यासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख नेमली.

पण कायदा झांकण उघडून देईल, तें नीट मिटविण्याचें कौशल्य देणार नाहीं. तें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लींत बसणाऱ्या कारागिरांच्या बोटांत आहे. त्यांच्या पुढ्यांतल्या पत्र्याच्या डब्यांत निवडून ठेवलेले स्क्रू हा त्यांच्या विद्येचा अर्धा भाग होय. तें घरांतल्या मुलांच्या बोटांतहि उतरलें पाहिजे. बिघडलेला रिमोट किंवा जुनें घड्याळ मुलाच्या स्वाधीन करावें, त्याला ताट, पांढरें कापड आणि योग्य पेचकस द्यावा, आणि एकच अट घालावी: उघडतांना मोजलेले स्क्रू आणि मिटल्यावर मोजलेले स्क्रू यांचा आंकडा जुळला पाहिजे. यंत्र चाललें नाहीं तरी चालेल. ज्या मुलाला ताटलींत उरलेला एक स्क्रू पाहून हंसूं येत नाहीं, जो मुकाट्यानें झांकण पुन्हां उघडतो, त्याच्या हातीं पुढें कोणतेंहि काम निर्धास्तपणें सोंपवावें.